उशिरा मोडलेले सोवळे : 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची लक्ष्मीबाई टिळकांशी पहिली भेट पाठ्यपुस्तकात होते. एखादा उतारा, त्यात एक विसराळू, उदार आणि तापट पती, त्याच्या तऱ्हांना पुरून उरणारी हजरजबाबी पत्नी आणि वर्गात पिकलेला हशा, एवढे मनात राहते. पुढे 'स्मृतिचित्रे' हे नाव निघाले की आपण कौतुकाने मान डोलावतो, 'काय साधी, गोड भाषा!' असे म्हणतो आणि ग्रंथ पुन्हा कपाटात ठेवतो. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. सेमिनरीत असताना हा ग्रंथ आम्ही वाचला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भक्तिगीतांची पार्श्वभूमी समजावी म्हणून. त्या वाचनात लक्ष्मीबाई आम्हांला टिळकांच्या मागून चालणाऱ्या दिसल्या, आणि तेवढ्यावर आमचे समाधान झाले.

अलीकडे एका प्रसंगामुळे हा ग्रंथ पुन्हा हाती घ्यावासा वाटला. तो प्रसंग लेखाच्या शेवटी सांगू. या दुसऱ्या वाचनात आमच्या ध्यानात आले की, ज्याला आपण एका धाडसी पुरुषाच्या सोशिक पत्नीची कहाणी समजत आलो, त्या ग्रंथातील धाडसाचा सर्वांत मोठा प्रसंग त्या पत्नीच्याच वाट्याचा आहे. रूढी मोडणाऱ्याचे धैर्य आपल्याला चटकन दिसते. स्वतःची खात्री पटेपर्यंत कोणाच्याही प्रेमाखातर रूढी न मोडणे आणि खात्री पटल्यावर मात्र कोणाच्याही भीतीने न थांबणे, हे दुहेरी धैर्य सहसा दिसत नाही. 'स्मृतिचित्रे'त ते दिसते. एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

ग्रंथ आणि लेखिका

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. अक्षरांशी ओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या आग्रहाने. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यानंतर अनेक वर्षांनी, उतारवयात, लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी कागदावर आणल्या. १९३४ पासून त्या भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लेखिकेने जगाचा निरोप घेतला. टिळकांनी आरंभून अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेले. ते १९३८ साली प्रसिद्ध झाले. 'स्मृतिचित्रे'ची इंग्रजी भाषांतरे एकाहून अधिक झाली आहेत. जोसेफिन इंक्स्टर यांचे भाषांतर १९५० साली आले, शांता गोखले यांचे २०१७ साली. ज्या बाईला शुद्धलेखनाचा एकही धडा कोणी रीतसर दिला नाही, तिचा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी मानला जातो, ही गोष्ट आपल्या शिक्षणसंस्थांनी अधूनमधून आठवावी अशी आहे.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट होते. आपल्या मागच्या पिढीत अशा ग्रंथांकडे थोडे दुरूनच पाहिले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यासंबंधीचा आपला हुकूमनामा प्रसृत केला आणि या विभक्त बंधुभगिनींच्या जीवनात पवित्र आत्म्याने जे घडविले ते आपल्याही उन्नतीला उपकारक ठरू शकते, हे मान्य केले. त्यामुळे लक्ष्मीबाईंचा ग्रंथ आपल्या घरातही वाचला जावा, यासाठी आज कोणाची परवानगी मागावयाची गरज उरलेली नाही.

धुतलेले मीठ

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे माहेर येते. वडील नाना गोखले यांचे सोवळे हा त्या घराचा कणा होता, आणि त्या घरावरचे ओझेही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही. मीठ आणि साखर यांनाही त्यातून सुटका नाही! मीठ धुतले तर उरते काय, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारीत नाही. प्रश्न न विचारणे हाच त्या घराचा धर्म झालेला असतो.

येथे लेखिकेची पहिली थोरवी दिसते. ज्या वडिलांच्या विक्षिप्तपणापायी सारे घर भरडले गेले त्यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत द्वेष नाही. आपण अंधारात होतो आणि पुढे प्रकाशात आलो, असा सूरही त्या लावीत नाहीत. नाना आपल्याला हसू आणतात, आणि हसता हसता वाचकाच्या मनात त्यांच्याविषयी कणवही उभी राहते. हा माणूस दुष्ट नव्हता, तो भ्यालेला होता, हे आपल्या आपण कळते. रूढी ही पुष्कळदा भीतीचीच थिजलेली मूर्ती असते, असे आम्ही प्रवचनात सांगू लागलो तर श्रोते जांभई देतील. लक्ष्मीबाई ते न सांगता धुतलेल्या मिठाची हकीकत सांगतात, आणि काम होते.

त्याच घरातले सोवळे घेऊन त्या सासरी आल्या हे विसरून चालणार नाही. नानांना हसणारी लेखिका साठीच्या पलीकडची आहे. नानांची मुलगी मात्र त्या सोवळ्यात मनापासून वाढलेली होती. ज्या गोष्टीला आपण पुढे हसणार आहोत तिच्यावर एके काळी आपला पुरा विश्वास होता, हे कबूल करावयाला मन मोठे लागते. आत्मचरित्रकार बहुधा येथेच घसरतात. आपल्याला लहानपणापासूनच सारे कळत होते, असा त्यांचा आव असतो.

टिळकांचे पाऊल

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परकीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी एका विद्वान ब्राह्मण कवीने हे करणे म्हणजे आप्त, ज्ञाती, मानमरातब आणि उपजीविका या सर्वांवर पाणी सोडणे होते. टिळकांच्या धैर्याविषयी कोणी शंका घेऊ नये.

परंतु 'स्मृतिचित्रे'तून हे धैर्य पाहताना त्याची दुसरी बाजूही दिसते. पत्नीला विश्वासात न घेता, तिला माहेरच्या माणसांत ठेवून, टिळकांनी हे पाऊल उचलले. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली ती इतरांकडून. मांडीवर लहानगा मुलगा, कपाळावर कुंकू, नवरा जिवंत, आणि तरीही संसार बुडालेला! विधवेला जे दुःख उघडपणे करता येते तेही या बाईला करता येईना. पुढची काही वर्षे पंढरपूरसारख्या ठिकाणी, आप्तांच्या आधाराने आणि त्यांच्या नजरेच्या पहाऱ्यात गेली. याच काळात दुःखाला वाट करून द्यावी म्हणून त्या कविता रचू लागल्या.

येथे समीक्षकापुढे आणि धर्मगुरूपुढेही एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा कौल मानून चालणाऱ्या माणसाला, त्याच्या पावलाखाली दुसऱ्याचे जीवन चिरडले जात असेल तर, काय म्हणावे? टिळकांचे चरित्र लिहिणारे या प्रश्नावरून घाईने पुढे जातात, कारण शेवट गोड झालेला त्यांना माहीत असतो. लक्ष्मीबाई घाई करीत नाहीत. आपल्याला झालेले दुःख त्या पूर्ण सांगतात आणि तरीही पतीवर खटला भरीत नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता निघून जाणे, हाती पैसा टिकू न देण्याची त्यांची सवय, आणि त्याच हातांचे औदार्य, सारे एकाच पातळीवर, एकाच आवाजात येते. निवाडा वाचकाने करावा. आमचा निवाडा विचाराल तर टिळकांचे पाऊल खरे होते आणि ते टाकण्याची रीत दुखावणारी होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी खऱ्या असू शकतात. स्वतःशी प्रामाणिक राहणे हे पुण्य असले तरी त्याने शेजारच्या माणसाचे ऋण फिटत नाही.

दोन चुली

आता आम्ही ग्रंथाच्या त्या भागाकडे येतो, जो आमच्या मते त्याचा गाभा आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे, नगर भागात, राहावयास आल्या. आप्तांचा विरोध पत्करून ख्रिस्ती झालेल्या पतीजवळ जाणे हेही एक मोठे बंडच होते. परंतु त्या आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. पतीवर जीव आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही!

अनेक वाचक हा भाग विनोदी म्हणून वाचतात, आणि लक्ष्मीबाईंनी तो विनोदाने लिहिलाही आहे. टीकाकारही बहुधा 'संस्काराचा पगडा' एवढा शेरा मारून पुढे जातात. आम्हांला मात्र वाटते की येथे एक फार प्रामाणिक स्त्री आपल्यासमोर उभी आहे. विचार करा : त्यांना सोपी वाट कोणती होती? पतीजवळ आलोच आहोत, समाजाने टाकलेच आहे, मग आता पतीच्या पंगतीला बसून टाकावे. टिळक आनंदतील, मिशनचे लोक कौतुक करतील, घरातला रोजचा ताण संपेल. एवढे सारे मिळत असताना त्या थांबल्या, कारण मन अजून मानत नव्हते. अजून न पटलेली गोष्ट पटली असे दाखविणे त्यांना जमले नाही. जी बाई खोटे ख्रिस्तीपण घेऊ शकली नाही, तिचेच पुढचे ख्रिस्तीपण खरे असणार.

टिळकांचेही येथे श्रेय मानले पाहिजे. ज्या पतीने आपला निर्णय पत्नीला न विचारता घेतला, त्याने या वेळी तिच्या निर्णयाची वाट पाहिली. तिच्या चुलीला त्याने हात लावला नाही. १८९५ साली चुकलेला धडा त्याने या दोन चुलींच्या घरात गिरवला, असे आम्हांला वाटते. पुढे ७ डिसेंबर १९६५ रोजी व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात सांगितले की, सत्य मनावर जबरदस्तीने लादता येत नाही, ते आपल्या स्वतःच्या बळावर मनात उतरते. तो जाहीरनामा आम्ही सेमिनरीत अभ्यासला होता, परंतु त्याचा अर्थ आम्हांला उमगला तो एका मराठी संसारातल्या दोन चुली पाहून.

आपल्या कॅथलिक परंपरेतही अशा सच्च्या विलंबाचे थोर उदाहरण आहे. संत जॉन हेन्री न्यूमन यांच्या मनात आपल्या अँग्लिकन भूमिकेविषयी पहिली गंभीर शंका आली १८३९ साली; ख्रिस्तसभेत त्यांचा स्वीकार झाला ९ ऑक्टोबर १८४५ रोजी. मधली सहा वर्षे ते अभ्यास आणि प्रार्थना करीत राहिले. मित्र त्यांना घाबरट म्हणत आणि विरोधक ढोंगी. २०१९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. ऑक्सफर्डच्या त्या पंडिताची आणि जलालपूरच्या शाळा न पाहिलेल्या या बाईची तुलना कोणास विचित्र वाटेल. परंतु दोघांनीही एकच केले. न दिसणारी वाट दिसते आहे असे सांगितले नाही, आणि दिसल्यावर डोळे मिटून घेतले नाहीत.

कारण पुढे लक्ष्मीबाईंना ती वाट दिसली. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाशी त्यांचे मन झगडू लागले. पशुपक्ष्यांत देवाने भेद केला तो डोळ्यांना दिसतो. माणसामाणसांत तसा भेद कोठे दिसतो? सगळ्यांचे जन्मणे एकसारखे, मरणे एकसारखे. मग हे सोवळे आले कोठून? कोणाही धर्मपंडिताच्या ग्रंथाचा आधार न घेता, स्वयंपाकघरातल्या अनुभवाने शिकलेल्या बुद्धीने त्यांनी हा विचार शेवटास नेला आणि यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊ, असे पतीला सांगून टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ध्यानात घेण्याजोगे हे की, त्यांची जात बाप्तिस्म्याआधी गळाली. पाण्याचा संस्कार झाला तो आधी मोकळ्या झालेल्या हातांवर.

सूर न चढविणारी लेखणी

आम्ही ज्याला धैर्य म्हणतो ते या ग्रंथाच्या शैलीतही उतरले आहे. मराठीत धर्मांतरितांच्या आत्मकथनाची एक रीत लक्ष्मीबाईंच्या आधीच पडलेली होती. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे नाव 'अरुणोदय'. नावातच पहाट आहे. म्हणजे आधीची रात्र आलीच. त्या ग्रंथाचे ऐतिहासिक मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु लक्ष्मीबाईंपुढे तो साचा तयार होता आणि त्यांच्या धर्मबांधवांना तो आवडलाही असता. त्यांनी तो घेतला नाही. आपल्या ग्रंथाला मिळालेले नावही पाहा : स्मृतीतली चित्रे. जे डोळ्यांनी पाहिले ते दाखविणे, एवढीच प्रतिज्ञा. जलालपूरचे घर आणि नगरचे ख्रिस्ती घर यांच्यावर त्यांच्या लेखणीचा उजेड सारखाच पडतो. सोवळ्याला त्या हसतात, तशा मिशनच्या वर्तुळातल्या माणसांच्या तऱ्हांनाही हसतात. धर्म बदलताना त्यांनी आपली नजर गहाण टाकली नाही.

भाषेचेही तसेच. त्या बोलल्यासारखे लिहितात. वाक्ये आखूड, क्रियापदे घरगुती, उपमा ओसरीवरच्या. ही भाषा आपोआप आली असे समजू नये. त्या काळी लेखक म्हणून मान हवा असेल तर संस्कृतप्रचुर लिहावे, अशी समजूत होती, आणि खुद्द घरात एक नामवंत कवी होता. त्याच्या शैलीची नक्कल करण्याचा मोह त्यांना झाला नाही. आपल्या परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी 'ख्रिस्तपुराण' रचताना लॅटिन किंवा पोर्तुगीज न वापरता इथल्या लोकांची भाषा आणि इथला ओवी छंद निवडला. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्या ग्रंथाने ख्रिस्ती मराठीला पहिले घर बांधून दिले. लक्ष्मीबाईंनी त्या घरात चूल पेटवली.

दोन उणिवा

स्तुतीबरोबर दोन उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. पहिली अशी की, ज्या प्रभूसाठी एवढे सारे सोसले त्या प्रभूशी लक्ष्मीबाईंचे नाते काय होते, याविषयी हा ग्रंथ फार थोडे बोलतो. जात का सोडली हे त्या सांगतात. प्रार्थनेत काय घडले हे सांगत नाहीत. संत ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनात सारे लेखन देवाला उद्देशून आहे. येथे ते शेजारणीला उद्देशून आहे. धर्मगुरू म्हणून आम्हांला याची चुटपुट लागते. कदाचित तो त्यांचा संकोच असेल. जे आपल्याला आवाजाने बोलता येत नाही ते लिहूही नये, असा त्यांच्या प्रामाणिकपणाचाच तो भाग असेल.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नगर भागातील ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग कुटुंबांची संख्या मोठी होती. ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंनी अखेर घेतले त्या माणसांना ते पाणी देताना काय वाटले, हे आपल्याला फारसे कळत नाही. सोवळे मोडणाऱ्या बाईचे मन या ग्रंथात आहे. ज्यांच्याविरुद्ध ते सोवळे पाळले गेले त्यांचे मन बहुतांशी ग्रंथाबाहेर राहिले आहे. लक्ष्मीबाईंनी आपण पाहिले तेवढेच लिहिले, हे त्यांचे बळ आणि हीच त्यांची मर्यादा. उरलेले चित्र दुसऱ्या हातांनी रेखाटावयाचे होते.

आपल्या पंगती

आता सुरुवातीला म्हटलेला प्रसंग. काही वर्षांपूर्वी एक आई आमच्याकडे आली. मुलाने लग्न ठरवले होते. मुलगी कॅथलिक, शिकलेली, चर्चच्या गायनवृंदात गाणारी. आईची तक्रार एवढीच, "फादर, मुलीत खोट काढण्यासारखं काही नाही, पण ती आपल्यातली नाही." एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या दोन कुटुंबांच्या मध्ये उभा असलेला 'आपल्यातली' हा शब्द आम्ही ऐकला, आणि त्या मुलाला बोलावून सल्ला दिला की, बाबा, घाई करू नकोस, थोडे थांब, आईला दुखवू नकोस. त्या वेळी हे शहाणपण वाटले. आम्ही त्याला विवेक असे नावही दिले.

तो मुलगा थांबला नाही. त्याचे लग्न दुसऱ्या एका धर्मग्रामात झाले. आम्हांला आमंत्रण नव्हते, आणि ते नसणेच योग्य होते.

'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना तो सल्ला आम्हांला बोचू लागला. लक्ष्मीबाईही थांबल्याच होत्या की! मग त्यांच्या थांबण्यात आणि आमच्या सांगितलेल्या थांबण्यात फरक काय? फरक असा : त्या थांबल्या तेव्हा प्रश्न रोज त्यांच्यासमोर होता. दोन चुली पेटवताना, दोन घागरी भरताना तो रोज त्यांना टोचत होता, आणि त्या त्याच्याकडे पाहत होत्या. आम्ही मात्र थांबा म्हटले ते प्रश्न नजरेआड व्हावा म्हणून. त्या आईला आम्ही एकदाही विचारले नाही, की 'आपल्यातली' म्हणजे कोण? विचारले असते तर उत्तर आम्हांलाही द्यावे लागले असते.

शुभवर्तमानाच्या पहिल्या पिढीतही हेच घडले. यापो येथे संत पेत्राला दृष्टान्त झाला, देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नये हे त्याला कळले आणि तो कर्नेल्य या परराष्ट्रीय शताधिपतीच्या घरात गेला. तोच पेत्र पुढे अंत्युखियात, यरुशलेमहून काही मंडळी आली तेव्हा, लोक काय म्हणतील या भीतीने परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीतून उठला. संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही हकीकत आहे. म्हणजे सत्य दिसले की काम संपत नाही. पंगतीत बसून राहण्याचे काम उरतेच. लक्ष्मीबाईंचे वैशिष्ट्य हे की, त्या पंगतीला उशिरा आल्या, पण एकदा बसल्यावर उठल्या नाहीत.

आपल्या समाजाने ही हकीकत दुसऱ्यांची म्हणून वाचू नये. गोव्यातल्या काही जुन्या कॉन्फ्रारियांत जातीच्या भिंती कशा उभ्या होत्या, हे इतिहासाला माहीत आहे. भारतीय कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद पाळला जातो, हे स्पष्ट शब्दांत मान्य केले. धर्माध्यक्षांनी लिहून दिले. आता उरते ते आपल्या स्वयंपाकघरांचे, सोयरिकीच्या बैठकांचे आणि, हेही म्हटले पाहिजे, आम्हा धर्मगुरूंच्या कचेरीचे. मीठ धुऊन घेणाऱ्या नानांना आपण सहज हसतो. मुलीचे स्थळ आले की आधी 'समाज' विचारतो, तेव्हा आपण काय धुऊन घेत असतो?

सर्व रूढी वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. आजीने शिकविलेली संध्याकाळची रोझरी ही रूढीच आहे, आणि ती टिकावी म्हणून आम्ही देवाजवळ मागणे मागतो. रूढी मोडली म्हणजे माणूस खरा झाला, असेही नाही. मोडण्याचीही एक रूढी होऊन बसते. लक्ष्मीबाई आपल्याला एवढेच विचारतात की, तुम्ही जे पाळता ते तुम्हांला मनापासून पटलेले आहे काय? पटले असेल तर कोणाच्या टोमण्याने सोडू नका. पटले नसेल, तर कोणासाठी पाळता?

आमची वाचकांना विनंती आहे. या उपवासकाळात घरातल्या एखाद्याने 'स्मृतिचित्रे'तील दोन चुलींचा भाग जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचावा. मुले हसतील, हसू द्यावे. हसणे संपल्यावर थोडा वेळ कोणीच काही बोलू नये. आमच्या पुरते बोलावयाचे तर, त्या मुलाला आणि त्याच्या पत्नीला एक पत्र लिहावयाचे आमच्याकडून राहून गेले होते. हा लेख पुरा केल्यावर ते लिहावयास बसणार आहोत.